तारेत ओवलेली वायसरं

फवारणीचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी दोन हंगाम तपासनीस होतो. बोंडअळीनं कापूस खाल्ला, ती वर्षं. दुकानदार देईल ते औषध लोक टाकीत ओतत होते. आणि आम्ही? पंपात साधं पाणी भरायचं, थोडा वेळ टांगायचा, बुडाशी थेंब दिसला नाही की 'ठीक'चा शिक्का. पंपाच्या नकाशात, म्हणजे ड्रॉइंगमध्ये, तपासणी तशीच लिहिली होती.

मारेगावला पंप दुरुस्त करणारे एक चाचा होते. तक्रारी बघायला मी त्यांच्या दुकानी गेलो, तर त्यांनी खुंटीवरची तार काढून माझ्या हातात दिली. टाकीला नळी जोडतात तिथली आमचीच रबरी वायसरं तारेत ओवलेली. सगळी फुगलेली, चिरलेली.

"हे पाय, तुमच्या कंपनीची माळ. सायबाच्या गळ्यात घाल."

"चाचा, आमच्याकडे तर थेंबही गळत नाही."

"पाण्यानं अळी मरते का रे बेटा? मंग लोकं औषध कायले भरून राह्यले?"

त्यांनी औषधाच्या बाटलीत दोन वायसरं टाकून ठेवली होती. एक आमचं, एक त्यांनी कडक रबरातून कापलेलं. आमचं फुगलं होतं, त्यांचं जसंच्या तसं. परीक्षा झाली होती, तीही कंपनीचा एक पैसा खर्च न होता.

मग त्यांनी मला आत नेलं. त्यांचा मेहुणा पालथा पडून होता. दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारणारा माणूस. मालकाचा पंप जिथून गळायचा, तिथं कंबरेची कातडी सोलून निघालेली. "याले दुसरं काम नाही," चाचा म्हणाले. "येत्या मालातला एक पंप याच्यासाठी घेतो. बदललेला असन ना?"

"असेल. शब्द देतो," मी म्हणालो. बोलायला मी कधीच मागे नव्हतो.

कारखान्यात तक्रारींची वही आमच्या खोलीत आणि नकाशांचं कपाट समोरच्या. मध्ये चार पावलांची गल्ली. वही कधी तिकडे गेली नाही, नकाशा कधी इकडे आला नाही. महिनाअखेरी फक्त एक चिठ्ठी जायची: उघड्या, म्हणजे न मिटलेल्या, तक्रारी किती.

नकाशे काढणाऱ्या साहेबांनी तार हातात घेतली, वास घेतला. माणूस वाईट नव्हता. "अरे राजा, रबर बदलायचं तर नकाशा बदलावा लागते. त्याले कारण लागते. अन् तुमच्याच खोलीची चिठ्ठी पाहा. उघडी तक्रार एकही नाही."

अक्षर माझं होतं.

आमची रीत अशी: गिऱ्हाइकाला नवं वायसर टपालानं पाठवलं की त्याच दिवशी वहीत 'समाधान झाले' लिहायचं. नवं वायसर त्याच खोक्यातलं, त्याच रबराचं. तोच माणूस परत ओरडला की त्याला नवा क्रमांक. माणसाची कंबर भाजते आहे आणि त्याचं समाधान झालं हे मी टेबलावर बसून ठरवत होतो. वही स्वच्छ ठेवतो म्हणून माझं कौतुकही व्हायचं.

त्या दिवशी मी लाल शाईनं प्रत्येक नोंदीपुढे 'उघडी' लिहिलं. व्यवस्थापकांनी बोलावलं. "जुन्या नोंदीत खाडाखोड? ऑडिटवाल्यांना तू तोंड देणार आहेस?" मला मेमो मिळाला, लाल शेरे रद्द झाले. माल जुन्याच नकाशाप्रमाणे गाडीत चढला.

त्याच क्षणी चाचांना फोन करायला हवा होता. मी काय केलं? मेमोच्या संतापात व्यवस्थापकाविरुद्ध पत्रक लिहीत बसलो. पत्रक जळजळीत झालं. चार दिवस गेले, मग फोन लावला.

"चाचा, बदल झाला नाही. पंप खोला, तुमचं वायसर घाला."

"तू शब्द देल्ला होता. म्हणून म्या खोलला नाही. मेहुणा परवापासून त्याच पंपानं फवारून राह्यला."

पुढच्या आठवड्यात मारेगावहून पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, एक फुगलेलं वायसर होतं. मी क्रमांक टाकला आणि समाधानाचा रकाना कोरा ठेवला. महिनाअखेरीच्या चिठ्ठीवर पहिल्यांदा आकडा गेला: एक.

साहेब गल्ली ओलांडून माझ्या टेबलाशी आले. "एकासाठी नकाशा बदलायचा का, राजा?"