मेहुण्याच्या छातीचा सर्व्हे

"मिरची हाय ती, मिरची. जंतू-बिंतू काय न्हाई," आमचा थोरला मेहुणा आमच्या उलव्याच्या फ्लॅटमध्ये बसून ओरडत होता. आवाज असा, की खालच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे अलार्म वाजले आणि नव्या विमानतळावर उतरायला आलेल्या एका विमानाने, माझा आपला अंदाज, एक चक्कर जास्त मारली. क्षयाच्या पेशंटची छाती अशक्त असते म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये यायला हवं होतं.

"दादा, हळू. सोसायटी आहे ही," बायको म्हणाली.

"सोसायटीला पन कळू दे."

मेहुणा मसाला मार्केटात माथाडी. मिसरूड फुटायच्या आत साताऱ्याहून आला आणि तेव्हापासून मिरचीची पोती वाहतोय. त्याचा शर्ट पिळला तर आठवड्याची आमटी निघेल. दिवाळीला त्याने गळाभेट घेतली की आमच्या घरात भाऊबिजेपर्यंत शिंका चालतात. खोकला त्याला कायमचाच, पण या वेळी ताप आणि वजन उतरणं दोन्ही जोडीला आलं. दवाखान्यात थुंकी तपासली आणि टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या सिस्टरने त्याला बजावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोळ्यांनी लघवी लाल होईल, घाबरू नका. दोन, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा, लहान मूल असेल तर आधी.

पहिली गोष्ट त्याने घरी आणली, दुसरी तिथेच ठेवून आला.

"तीस वर्सांची मिरची भाईर पडतीया, दाजी. लालभडक. ह्या डोळ्यांनी बघतोय रोज."

आता यातली गंमत बघा. या लाल पुराव्यामुळे गडी गोळी चुकवत नव्हता. चुकीचं कारण मनात धरून बरोबर औषध घेत होता, आणि तेवढंच असतं तर आपल्या कुणाचं काही गेलं नसतं. पण त्याच्या हिशेबाने मिरची काय एकाची दुसऱ्याला लागते? मग शिरवणे गावातल्या त्याच्या एका खोलीच्या घरात चार वर्षांची नात रोज त्याच्याच दंडावर डोकं ठेवून झोपायची, आणि तिला तपासायला न्यायला तो साफ नाही म्हणायचा. चांगल्या पोरीला टीबीच्या रांगेत उभी करून तिच्या नावाला डाग कशाला, हे त्याचं म्हणणं. बायकोने त्याला बोलावलं होतं ते एवढ्याचसाठी. ती सांगून, रडून, अबोला धरून थकली, तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"तुमी सांगा दाजी. माल कशानं नासला ते सांगायचा तुमचा धंदाच हाय. करा माझ्या छातीचा सर्व्हे."

धंदा आहे खरा. न्हावा शेव्याला मी मालाचा सर्व्हेअर. कंटेनर उघडला आणि माल भिजलेला निघाला, की मला बोलावतात. एकदा तर दार उघडताच चवळीचा वेल माझ्या गळ्यात येऊन पडला. आतल्या पोत्यांना मोड आले होते, आणखी चार दिवस लागते तर शेंगा तोडून आणल्या असत्या. सगळे म्हणतात समुद्राचं पाणी शिरलं. मी ओल्या डागावर बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकतो. थेंब दुधासारखा पांढरा झाला तर पाणी खारं. नाही झाला तर समुद्र निर्दोष. कंटेनरला आतून घाम आला आणि तोच टपकला. सगळ्यांनी एकमताने धरलेला चोर मी कितीदा तरी सोडून दिलाय. त्यामुळे मेहुण्याचं म्हणणं झटकून टाकणं मला जड गेलं.

शिवाय त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. "त्याच खोलीत, त्याच हवंत तुमची वैनी झोपती. तिला खोकला न्हाई. हिकडं मार्केटात माझी निम्मी टोळी खोकतीया. मग रोग खोलीत हाय का पोत्यात?"

"तुमच्या थुंकीत दिसलाय तो जंतू."

"तुमी बघितला?"

मी नव्हता बघितला. तसं सांगून टाकलं. मी हार मानली म्हणून बायको चहा टाकायला उठली, इतकी ती घटना दुर्मीळ.

आणि मला जाणवलं, की समुद्र आत शिरताना तरी मी कधी पाहिलाय? एकदाही नाही. थेंब पांढरा झाला की मी लाखोंच्या मालाचा दोष त्याच्यावर ठेवून सही करतो. दवाखान्यातल्या माणसाने रंग टाकून काचेवर काहीतरी पाहिलं, त्यालाच मी ऐकीव म्हणू? माझा थेंब खरा आणि त्याचा खोटा, असं कसं चालेल.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्याचंही उत्तर माझ्याच यार्डात होतं. छताला भोक पडलेला कंटेनर होता एकदा. पाणी एकच, पण सगळ्या पोत्यांत नासली ती फक्त आतलं प्लास्टिक फाटलेली. शेजारची कोरडी राहिली म्हणून पाणी आलंच नव्हतं, असं काही मी लिहून दिलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "मिरचीने तुमचं पोतं विरलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण माल नासवला पाण्याने. वहिनींचं पोतं घट्ट आहे. नातीचं अजून नवं, पातळ आहे."

"मी पोतं काय?"

"दादा, तू गोदाम आहेस," बायको आतून म्हणाली.

तो हसला नाही. चहा बशीत ओतून प्यायला, खोकला, आणि खोकताना तोंड पलीकडे फिरवलं. लाल लघवीबद्दल मी बोललो नाही. तो रंग गोळीचा आहे हे मला माहीत होतं. पण गोळी चालू तोवर रंग राहणार, म्हणजे त्याच्या हिशेबाने कोर्स पुरा होईपर्यंत मिरची संपणार नव्हती. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला एक सत्य खिशात ठेवणं फार अवघड नसतं, तरी ते खिशात टोचत राहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही शिरवण्याला गेलो. नात आजीच्या कुशीत झोपली होती. हा पठ्ठ्या दाराशी, वाऱ्यावर, तोंडाला रुमाल बांधून बसलेला. मला राहवलं नाही.

"काय ठरलं मग? मिरची की जंतू?"

"मिरचीच. पोरीला तपासायला न्हेली हुती, तिची छाती साफ हाय."