आपली कबरी

ती मला प्रथम दिसली ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका पांढऱ्या गाडीच्या चाकाला टेकून बसलेली. जानेवारीतली सकाळ होती आणि दिल्लीच्या द्वारकेत धुके इतके होते की समोरची इमारत तिथे आहे हे गृहीतच धरावे लागत होते. तिचा मागचा उजवा पाय शरीराशी काही संबंध नसल्यासारखा बाजूला पडला होता. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे पाहत होती. हातात घडी केलेले वर्तमानपत्र धरून मी अर्धा तास तिथे उभा राहिलो. तिला उचलावे असे वाटत होते आणि उचलता येत नव्हते. मांजराला हात लावण्याची मला लहानपणापासून भीती वाटते. साठी उलटल्यावर हे कागदावर मांडताना संकोच होतो, परंतु ही गोष्ट वगळली तर पुढचे काहीच समजणार नाही.

अखेर चौकीदाराने फोन करून एका बाईंना बोलावले. सेक्टरांना लागून असलेल्या जुन्या गावात, स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर त्या जखमी मांजरांचा निवारा चालवीत. पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असल्याने सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या स्कूटरवरून आल्या, टॉवेल टाकून एका हालचालीत त्यांनी मांजर गुंडाळले आणि मला विचारले, “आप कब से खड़े हैं?” मी खरे ते सांगितले. त्यांनी ती गुंडाळी स्कूटरच्या पुढच्या टोपलीत ठेवली. त्यावर त्या काही बोलल्या असत्या तर मी कदाचित पुन्हा तिकडे फिरकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो. कमरेचे आणि मांडीचे अशी दोन हाडे मोडली होती. शस्त्रक्रिया करून आत सळई बसवावी लागणार होती आणि त्यानंतर सहा आठवडे तिला पिंजऱ्यातच ठेवायचे होते. निवाऱ्याचा सगळा कारभार लोकांच्या मदतीवर चाले. कोणी जुन्या रजया आणून देई, कोणी उकडलेली कोंबडी, कोणी औषधे. शस्त्रक्रियेसाठी मात्र या वेळी हातात काहीच नव्हते. मी माझ्या परीने थोडे दिले आणि आणखी काय करू शकतो असे विचारले. मांजरे धरणे मला जमणार नव्हते. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षे नोकरी केली होती, आणि त्यातला बहुतेक काळ दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात गेला होता. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही लिहा.

त्यांचे एक इंग्रजी पत्रक होते. त्यात मदतीचे दोन मार्ग दिले होते: एखाद्या मांजराच्या उपचारांचा भार उचलणे, किंवा मांजर घरी नेणे. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटासाठी त्याचे मराठी मी करावे असे ठरले. पहिल्याच शब्दाशी मी अडलो. ‘प्रायोजक’ म्हटले की मला क्रिकेटचे सामने आठवत. ‘आश्रयदाता’ फारच राजेशाही वाटला. दोन दिवस विचार केल्यावर मला शाळांमधली दत्तक पालक योजना आठवली. त्या योजनेत देणगीदार एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलतो आणि मूल आपल्याच घरी राहते. हा शब्द मला अत्यंत समर्पक वाटला. मी लिहिले, ‘एका जखमी मांजरीचे दत्तक पालक व्हा.’ खाली तिचे छायाचित्र जोडले. आयुष्यात मी स्वतःहून लिहिलेला आणि कोणीही न तपासलेला हा पहिला मसुदा.

त्याच संध्याकाळी एका बाईंचा निरोप आला. वय अठ्ठ्याहत्तर. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते आणि आता तिथेच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या राहत होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च त्यांनी एकट्यांनी उचलला. पुढे पेन्शन जमा झाली की खाण्याचे आणि औषधांचे पैसेही त्या न चुकता पाठवू लागल्या. पहिल्या निरोपात त्यांनी विचारले होते, ‘ही कबरी आता कशी आहे?’

कबरी. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीने हा शब्द कधी ऐकलेला नव्हता, आणि मीही तो चाळीस वर्षांत वापरला नव्हता. पांढऱ्यावर काळे-तांबूस ठिपके असलेल्या त्या मांजरीला दुसरे कोणते नाव असू शकेल असे मग मला वाटेना. मॅडमना मी तो शब्द सांगितला तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. “कब्र? भाईसाहब, ऑपरेशन से पहले कुछ शुभ तो बोलिए.” मी अर्थ समजावला. पिंजऱ्यावरच्या पाटीवर त्यांनी तो शब्द तसाच लिहिला, पण शस्त्रक्रिया पार पडल्यानंतर.

दर महिन्याला मी बाईंना पत्र लिहू लागलो. कागदावरच्या पत्रासारखे, मायना घालून. ‘आपली कबरी आता स्वतःहून खाते.’ ‘आपल्या कबरीचे टाके काढले.’ ‘आपल्या कबरीने आज चारही पाय टेकले.’ पहिल्याच पत्रात, का कोण जाणे, मी माझ्या भीतीचीही कबुली देऊन टाकली होती. समोर नसलेल्या माणसाशी मी नेहमीच अधिक मोकळा असतो. बाईंची उत्तरे त्रोटक असत. एकदा त्यांनी लिहिले, ‘ती नीट चालू लागली की कळवा. इकडे तयारी करते.’ तयारी हा शब्द वाचून मी थांबायला हवे होते. सदिच्छा समजून मी पुढे गेलो.

एप्रिलमध्ये ती लंगडत का होईना, पण खिडकीवर चढू लागली. गुरुग्रामला आयटीत नोकरी करणाऱ्या एका पुणेकर जोडप्याने तिच्यासाठी अर्ज केला. मॅडम त्यांचे घर पाहून आल्या. बाल्कनीला जाळी होती, दोघांपैकी एक जण घरूनच काम करी, आणि पायाला पुढेमागे त्रास झाला तर उपचारांची तयारी होती. सगळे ठरले. मी त्याच दिवशी बाईंना लिहिले: ‘कळविण्यास आनंद होतो की आपल्या कबरीस घर मिळाले असून येत्या रविवारी ती रवाना होईल.’

या वाक्यात कर्ता नाही. घर कोणाचे, कोण नेणार, कोणी ठरवले, यातले काहीच नाही. छत्तीस वर्षांत आम्ही अशीच वाक्ये लिहीत आलो. निर्णय घेतला जातो, मंजुरी दिली जाते, माणूस कुठेच दिसत नाही. कार्यालयात त्याने कोणाचे काही बिघडत नसावे, किंवा बिघडलेले आमच्यापर्यंत पोहोचत नसावे.

शनिवारी सकाळी मी निवाऱ्यात नोंदी लिहीत बसलो होतो. दारात एक किरकोळ बांध्याच्या, इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाई उभ्या होत्या. हातात झाकणाची वेताची टोपली, आत मऊ लुगड्याची घडी. मेट्रोने आल्या होत्या, आणि स्टेशनपासून ई-रिक्षाने. मी न सांगताच त्यांनी मला ओळखले.

“रविवारी तुम्ही तिला एवढ्या लांब घेऊन येणार,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, त्यापेक्षा मीच येते.”

माझ्या लक्षात आले. मी खुर्ची पुढे केली, पाणी आणतो असे म्हणालो आणि आत गेलो. पाणी माठात होते, पेला शेजारी होता, तरीही मी आत बराच वेळ राहिलो. तेवढ्यात मॅडम बाहेर गेल्या. त्यांचे हिंदी मला आतून ऐकू येत होते. जे मी सांगायला हवे होते ते त्या सौम्यपणे आणि स्पष्टपणे सांगत होत्या. मी पेला घेऊन बाहेर आलो तेव्हा बाईंनी टोपली खुर्चीखाली सरकवली होती.

“शाळेत दत्तक पालक योजना मीच बघत होते,” त्या मला म्हणाल्या. आवाज वर्गात बोलावा तसा सरळ होता. “पालक मुलाला घरी नेत नाहीत, एवढं मला कळतं. पण त्या मुलांना आई-बाप असायचे. हिला कोण होतं? आणि तुम्ही दर महिन्याला ‘आपली कबरी’ असं लिहीत होतात.”

त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहायला हवे. मनात असे आले की ‘आपली’चा अर्थ ‘तुमची’ असा होतो, तसाच ‘आपणा सर्वांची’ असाही होतो, आणि मसुद्यातली चूक अशी सिद्ध करता येणार नाही. हे उत्तर मी दिले नाही. पण सुचले ते हेच, आणि सर्वांत आधी.

मी म्हणालो, “चूक माझी आहे.” मग मॅडमकडे वळून, कबरी बाईंना देता येईल का, असे विचारले.

मॅडमनी कपाळ चोळले. त्या जोडप्याला शब्द दिला आहे, पण अजून सही झालेली नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांची समजूत घालून दुसरे मांजर देता येईल. बाईंच्या बाल्कनीला जाळी बसवता येईल. फक्त वयस्क माणसाकडे मांजर देताना त्या आणखी एक नाव लिहून घेत. आजारपण आले, काही झाले, तर मांजराला आपल्या घरी नेईल असे कोणीतरी. बाईंना तसे कोणी आहे का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. पुतण्या नागपूरला होता.

“आप अपना नाम लिख देंगे?” मॅडमनी मला विचारले.

अर्ज टेबलावरच होता. रकाना मोकळा होता. पेन तर माझ्याच हातात होते. माझ्या डोळ्यांपुढे माझी बैठकीची खोली आली, आणि त्या खोलीत, मी झोपलो असताना कुठेतरी फिरत असलेले मांजर. मी पेनाचे टोपण काढले, आणि पुन्हा लावले.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. हिंदीत त्यांनी मॅडमना सांगितले, “रहने दीजिए. इन्हें बिल्ली से डर लगता है. मुझे लिखा था.” त्या स्वरात राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यापुढून जागेवर जायला सांगावे तसा तो होता. राग असता तर मला अधिक सोपे गेले असते.

मग त्यांनी कबरीला पाहायचे असल्याचे सांगितले. तिने बाईंना अर्थातच ओळखले नाही. मॅडमनी धरून आणली तरी ती निसटून रॅकखाली गेली, आणि बाई जमिनीवर बसल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, भिंतीचा आधार घेत, टप्प्याटप्प्याने. बऱ्याच वेळाने कबरी बाहेर आली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाठ करून बसली. शस्त्रक्रियेसाठी भादरलेल्या मांडीवर केस नव्याने आले होते, आणि ते आसपासच्या केसांपेक्षा फिकट होते. बाईंनी दोन बोटे तिथे हलकेच ठेवली. कबरीने तेवढे चालवून घेतले.

“हे हाड तरी माझं ना?” त्या म्हणाल्या.

जाताना टोपली त्यांनी बरोबर नेली. मी स्टेशनपर्यंत पोहोचवायला निघालो तर म्हणाल्या की त्यांना रस्ता ठाऊक आहे.

रविवारी कबरी गुरुग्रामला गेली. आठवड्याने तिचे छायाचित्र आले. उन्हात, जाळीमागे, पोट वर करून झोपलेली. ज्या मांजराला मी चाकाशेजारी मरताना पाहत उभा होतो ते आता असे झोपत होते, आणि हे ज्यांच्यामुळे घडले त्यांना ते दाखवण्याची मला हिंमत होत नव्हती. पाच दिवस मी ते छायाचित्र स्वतःजवळ ठेवले. मग पाठवले, सोबत एकही वाक्य न लिहिता. उत्तर आले नाही.

पेन्शनचा दिवस आला आणि बाईंचे पैसे नेहमीप्रमाणे जमा झाले. निरोपाच्या जागी एकच शब्द होता: कबरी. मॅडमनी विचारले, आता हे कोणाच्या नावे धरायचे? त्या वेळी निवाऱ्यात एक काळा म्हातारा बोका होता. एक डोळा काढलेला, दातही फारसे न उरलेला. त्याला कोणी नेणार नाही हे सगळ्यांना माहीत होते. मॅडमनी त्याच्याकडे हात केला.

त्या महिन्याचे पत्र मला लिहिता आले नाही. तीन मसुदे केले. अखेर कोरा अर्ज घेतला आणि त्या मोकळ्या रकान्यात माझे नाव लिहिले. अक्षर खराब आले. मग घरातली मोजपट्टी पिशवीत टाकून मी पहाडगंजला गेलो.

बाईंनी दार उघडले, पण साखळी लावूनच. मी पिशवीतून मोजपट्टी काढून दाखवली. दुसरे काही सुचले नाही. “बाल्कनीचं माप घ्यायचं होतं,” मी म्हणालो. अर्ज पिशवीतच राहिला. त्याबद्दल मी बोलू लागलो तर त्यांनी मध्येच थांबवले.

“तुमची भीती गेली का?”

“नाही.”

त्यांनी साखळी काढली. बाल्कनी लहान होती. खाली हातगाड्यांची रांग, समोर हॉटेलांच्या पाट्या. कोपऱ्यात ती टोपली होती, झाकण लावलेली. मोजपट्टीचे दुसरे टोक बाईंनी कठड्याशी धरले आणि मी वाचलेला आकडा मला पुन्हा वाचायला लावला. पहिल्यांदा मी चुकीचाच वाचला होता.

“जाळी बसवून घेऊ,” त्या म्हणाल्या. “मांजराचं मग बघू.”

जाळीला आता चार महिने झाले. कबुतरांचा त्रास तेवढा गेला, असे बाई म्हणतात. बोक्याचे औषधपाणी त्यांच्याच पैशांतून होते, आणि त्याच्या प्रकृतीचे मी दर महिन्याला लिहितो. त्याला पाहायला याल का, असे एकदा विचारले होते. उन्हाळा संपू द्या, म्हणाल्या. उन्हाळा संपला आहे. मी रोज अकराच्या सुमाराला निवाऱ्यात जातो, बोक्याच्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसतो आणि जाळीतून एक बोट आत धरतो. तो कधी येऊन हुंगतो, कधी येत नाही. बोट मागे न घेण्याचा मी सराव करतो आहे. पत्रात मात्र ‘आपला बोका’ असे अजून एकदाही लिहिलेले नाही.