उशाखालचा विळा

गंजलेल्या लोखंडाचा वास आला की मला फुलसावंगीजवळचा तो तांडा आठवतो. एकोणीसशे साठच्या आसपास पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला मी तिथल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात तंबू ठोकला होता, आणि एका दुपारी यंत्राची सुई काही केल्या स्थिर होईना. जवळ कुठेतरी लोखंड असणार, म्हणून मी तांड्यातल्या कुदळी, कुऱ्हाडी, बादल्या सगळ्या दूर न्यायला लावल्या. उरला एकच विळा, शेजारच्या झोपडीत तान्ह्या बाळाला नजर लागू नये म्हणून उशाखाली ठेवलेला. त्याच्या आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तो काढून दिला. मी तो पार नाल्यापलीकडे ठेवून आलो, तरी सुई थरथरतच होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत जाऊन मी विळा परत आणला, स्वतःच्या हातानं बाळाच्या उशाखाली सरकवला आणि म्हणालो, "बाई, सूर्यावर वादळ उठलंय, त्याचा झोत इथवर येऊन सुई हलवतोय." तिनं दारातून वर पाहिलं. "मंग माह्या लेकराचा इळा कायले नेला? त्यालेच सांगाचं होतं ना, जरा दूर सरक म्हणून!" पुढे सगळा जन्म मी सूर्याकडून येणाऱ्या त्या झोतांचाच माग काढला, पण आजही आलेखाची रेघ थरथरली की कुणाच्या घरात डोकावण्याआधी मी वर बघतो.