किल्ली तिला, हँडल मला

आमच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा सासऱ्यांनी आपली मोटर लेकीला देऊन टाकली. दोन धडधाकट मुलगे घरात असताना! मुलांना नाही, आणि जावयाला तर नाहीच नाही. अंगणात सगळे पाहुणे जमलेले. त्यांच्यासमोर किल्ली तिच्या हातात ठेवली. मग डिकीतून ते लांबलचक लोखंडी हँडल काढलं, इंजिन सुरू करायला पुढून घालून फिरवतात ते, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "जवाईबापू, हे तुमचं." सगळं अंगण हसलं. मीही हसलो. आतून नुसता जळफळाट झाला.

गाडी काळी, विलायती, वयाने माझ्यापेक्षा मोठी. सासरे जन्मभर एका लाकूड ठेकेदाराचे ड्रायव्हर. ठेकेदाराने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्यांच्याकडे आली. मग ते वडशाच्या स्टेशनावरून भाडं मारायचे. लेक शाळेत होती तेव्हापासून जंगलातल्या रस्त्यांवर तिला ती चालवायला शिकवलं. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि गाडी आमच्या घरी आली.

मी भद्रावतीला फॅक्टरीत क्लार्क, ती शाळेत मास्तरीण. आमच्या कॉलनीत सगळ्या सायकली, फार तर एखादी स्कूटर. त्यात ही मोटर! रोज सकाळी मी वाकून हँडल मारायचो आणि बाईसाहेब ऐटीत स्टिअरिंगवर. कधी हँडल असा उलटा झटका द्यायचं की मनगट दिवसभर ठणकायचं. शेजारी दात काढत, "भाऊ, लावा जोर!" म्हणत. आणि इंजिन एकदाचं धडधडलं की कौतुक कोणाचं? तिचं. "बाई, काय मस्त ठेवली गाडी तुम्ही!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गाडीच्या काळज्याही तिच्याच, त्यातही मला वाटा नाही. जवळच्या कोळसा खाणीची धूळ कार्बोरेटरमध्ये जाते. उंदीर वायरी कुरतडतात. त्या मापाचे टायर नागपूरलाही मिळत नाहीत. चढ आला की पाणी उकळतं. पावसाचे दोन थेंब पडले की ही हातातलं काम टाकून ताडपत्री बघायला धावायची. एकदा मला सडकून ताप भरला, तर कपाळाला हात लावून म्हणते, "रेडिएटरएवढं नाई तापलं." गंमत केली तिने, कळतं मला. पण ती गंमत मी अजून गिळलेली नाही.

आणि शब्दाशब्दाला बाबा! बाबा असा क्लच सोडत. बाबा म्हणत, गाडीले घाई करू नोको. अरे, बाबा तिकडे वडशाजवळच्या गावात, नवरा इथे शेजारी बसलाय की! त्या गाडीत आम्ही दोघं निघालो तरी तिघं असायचो, आणि त्यात परका मीच.

शेवटी मी फॅक्टरीतल्या एका जीपच्या ड्रायव्हरला धरलं. रविवारी कॉलनीमागच्या मैदानावर, तिच्या नकळत, त्याच्या जीपवर गाडी शिकलो. लायसन काढलं. माझा बेत एकच होता. दिवाळीनंतर सासरच्या गावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, अख्खं गणगोत गोळा होतं. त्या दिवशी त्याच अंगणात मी स्टिअरिंगवर बसून शिरणार होतो. जे हसले होते त्यांनी डोळे भरून बघावं. आणि सासऱ्यांना दिसत नसलं तरी त्यांच्या कानावर पडावं, की जावयाने गाडी आणली.

मंडईच्या दिवशी निघालो. मूल, सिंदेवाही, नागभीड ही गावं मागे पडली, तिथवर तीच चालवत होती. ब्रह्मपुरीला चहाला थांबलो तेव्हा मी लायसन काढून तिच्यापुढे ठेवलं.

"आता मी चालवतो."

ती बघतच राहिली. "कधी शिकले तुमी?"

"शिकलो."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू शिकवलं असतं काय?"

"शिकवलं असतं न! तुमी कधी म्हटलं काय?"

तिने किल्ली माझ्याकडे सरकवली. "चालवा. फक्त तिसरा गिअर टाकताना थोडा दम धरा, बाबा म्हणत..."

"बाबांचं नाव काढू नको," मी खेकसलो. ती दुसऱ्या बाजूने जाऊन बसली.

जीप वेगळी आणि ही बया वेगळी. गिअर बदलला की कर्रर्र आवाज, आणि दर कर्रर्रला शेजारी हिचे डोळे गच्च मिटलेले. धानाच्या बैलगाड्या समोर आल्या तेव्हा मी असा काही ब्रेक मारला की गाडी बंदच पडली. ती उतरली, पदर खोचला आणि हँडल मारायला लागली. मी आत बसून बघत होतो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

गावात शिरलो तर मंडईची ही गर्दी! पोरं ओरडत मागे धावली, ओळखीचे लोक बघायला लागले. माझी छाती फुगली. अंगणात गाडी उभी केली तोच सासरे बाजेवरून उठले. काठीही न घेता, मडगार्डवर हात फिरवत घाईघाईने सरळ माझ्या खिडकीशी आले आणि आत हात घातला.

"माय..." लेकीला ते अशीच हाक मारत.

हात माझ्या मनगटावर पडला. घड्याळावर फिरला, हातावरच्या केसांवर फिरला, आणि थांबला.

"जवाईबापू? तुमी?"

"हो बाबा. मीच चालवत आणली."

त्यांनी ते ऐकलंच नाही. चेहरा पांढराफटक पडला. "पोरगी कुठी आहे माही? काय झालं तिले? गाडी चौकात होती तेव्हापासून ऐकून राह्यलो मी, हा तिचा हात नाई. ती धडधाकट असती तं तिनं दुसऱ्याले चालवू दिली नसती. खरं सांगा जवाईबापू, कुठी ठेवलं तिले?"

"बाबा! मी इथीच आहो, बाबा!" ती दार उघडून धावत वळसा घालून आली. त्यांनी तिचं तोंड, खांदे, हात सगळं चाचपून पाहिलं. मग तो एवढा मोठा माणूस सगळ्या पाहुण्यांसमोर लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. तीही रडायला लागली.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो होतो. माझे आईबाप लवकर गेले, मी काकाकडे वाढलो. उशिरा घरी यावं तर ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि दिवा मालवलेला. मी आलो की नाही, हे सकाळी ताट बघून त्यांना कळायचं. इतकी वर्षं मी त्या गाडीवर जळलो, सासऱ्यांवर जळलो. त्या दुपारी, बापाच्या मिठीत उभ्या असलेल्या माझ्या बायकोचा मला इतका हेवा वाटला की दार उघडून खाली उतरायला पाय उचलेना.