भोंग्यावर फुटलेला गद्दार

मी सुपरहिरो होतो. हसू नका. अर्जुनी मोरगावच्या लोकल केबलवर का होईना, पण होतो.

तेव्हा आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं. त्यावर लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी आणि साडीच्या दुकानांच्या जाहिराती चालायच्या. मी बी.ए. होऊन घरी बसलेलो. त्याला म्हटलं, गुप्तहेर सुपरहिरोची मालिका काढू. तो म्हणाला, "एक भाग करून दाखव. लोकं शेवटपर्यंत बसले तर दर रविवार तुहा. उठून गेले तर पुन्हा तोंड दाखवू नको." घरीही तेच ठरलं. मालिका चालली तर ठीक, नाहीतर मामाच्या खताच्या दुकानात युरियाची पोती उचलायची.

कथा माझीच. उडणारा गुप्तहेर असतो, त्याच्या खात्यातली गुपितं कोणीतरी शत्रूला पुरवत असतं, आणि अगदी शेवटी कळतं की तो गद्दार म्हणजे खात्याचा प्रमुख, नायकाचा सख्खा मामा! या कामासाठी मी माझ्या सख्ख्या मामालाच घेतलं, कारण सफारी सूट फक्त त्याच्याकडे होता. नायक मी, कारण दिग्दर्शक मी. जयंतीच्या मंडपाचं उरलेलं निळं कापड पाठीला बांधलं आणि तलावाच्या पाळीवरून झेप घेतली. थेट चिखलात, गुडघ्यापर्यंत. शेजारच्या धानाच्या बांधीत बायांची रोवणी चालली होती. एक बाई दुसरीला म्हणाली, "कोनाचा पोट्टा व्हय वो हा? काऊन उड्या मारून राहिला?"

शेवट फुटू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. तो प्रसंग मामा, मी आणि कॅमेरावाला मित्र, अशा तिघांतच उरकला. मामाला गळ्याची शपथ घातली. मामीलाही पत्ता लागू दिला नाही.

राहिली जाहिरात. आमचे बाबा म्हणजे भागातले नावाजलेले भोंगेवाले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक असो की मिरवणूक, ऑटोत बसून माईकवर पुकारा करायचा तो त्यांनीच. माझा हा उद्योग त्यांना शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा आणि ते तसं तोंडावर म्हणायचे. आमचं बोलणंही बेताचंच होतं. तरी म्हणाले, "सांग कथानक." मी सगळं सांगितलं आणि बजावलं, शेवट कोणाला कळू द्यायचा नाही. त्यांनी मान हलवली. मी खुळा, ती होकाराची समजलो.

भाग दाखवायच्या दिवशी सकाळी मी चौकात उभा होतो, आणि बाबांचा भोंगा आला. "पहा हो पहा! सख्खा मामाच निघाला गद्दार! भाच्याच्या पाठीत मामाचा खंजीर! पाहाले विसरू नका!"

 चपला हातात घेऊन ऑटोमागे धावलो. स्टेशनजवळच्या टपरीवर बाबा चहा पीत होते. "बाबा, वाटोळं केलं तुम्ही! आता कोण पाहील?"

ते शांतपणे म्हणाले, "मंग लोकं कायले येतील गा? कोन कोनाचा गळा कापते, मालूम नको?"

आमच्याकडच्या नाटकांचा पुकारा असाच असतो. कोण कोणाला फसवणार, कोण मरणार, सगळं आधी भोंग्यावर. लोक येतात ते कसं फसवतो हे बघायला. त्या ऑटोत बसूनच मी लहानाचा मोठा झालो, पण बी.ए.त हे विसरलो. तेव्हा मात्र टपरीवाल्यासमोर ओरडलो, "घरातच गद्दार निघाला!" बाबांनी कप ठेवला आणि ते ऑटोत जाऊन बसले.

संध्याकाळी केबलवाल्याने टीव्ही दुकानाबाहेर मांडला. गर्दी झाली. पडद्यावर मामा दिसला आणि एकच गलका, "आला रे आला गद्दार!" मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवून "विश्वास ठेव बेटा" म्हटलं, तर एक म्हातारी किंचाळली, "नोको ठेवू बाप्पा!" आणि मी, जगातला सर्वांत हुशार गुप्तहेर, मामाने गुंगीचं औषध घालून दिलेला चहा घटाघटा प्यायलो. "पुरा बैल आहे हा!" मागून कोणीतरी म्हणालं. पण मला त्या अवस्थेत टाकून एकही माणूस उठेना. गद्दार उघडा पडला, तेव्हा माझा रडका चेहरा गुलाबाच्या पाकळ्यांतून, हृदयाच्या चौकटीत गिरक्या घेत आला. मित्राकडे लग्नाच्या कॅसेटी सजवायचं तेवढंच सॉफ्टवेअर होतं. तरी लोक शेवटपर्यंत बसले, दोघी-तिघींनी तर डोळे पुसले.

"रविवार तुहा," केबलवाला म्हणाला. "पन गद्दार आधीच सांगून टाकजो."

मी छाती फुगवून निघालो, तर टपरीवाला आडवा आला. "काय जी, सकाळी लय तापले होते. तुम्ही गेल्यावर झाला तो पुढचा पुकारा ऐकला का नाही?"

"पुढचा कोणता?"

"दर चौकात एकच. 'आन् नायकाच्या कामात, माहा पोरगा!' बाकी कोनाचं नावच नाही."

घरी गेलो. बाबा जेवत होते. दिवसभराच्या पुकाऱ्याने त्यांचा आवाज पार बसला होता. त्यांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवून खुणेनेच म्हटलं, बस. मी बसलो आणि रडलो, या वेळी पाकळ्यांशिवाय.