तीन घरं पलीकडचं

बोरीत बातमी अशी फिरली, की आमच्या शेजारच्या धुरपदावहिनींच्या बन्सीधरनं हैदराबादला दुसरं घर केलंय. पहिलंच अजून झालं नव्हतं, पण गावाला हिशेब कुठं लागतो? खरं इतकंच, की तिथल्या एका प्रयोगशाळेत रेणूची रचना दाखवणारी एनएमआर नावाची मशीन होती आणि बन्सी तिच्यासाठी नंबर लावून बसला होता.

दोन उन्हाळे घालून निरगुडीच्या पाल्यातून त्यानं चिमूटभर पांढरी भुकटी काढलेली. तिच्या रेणूत एक कार्बन आणि एक हायड्रोजन एकाच बाजूला बसलेत की समोरासमोर, हे ठरलं तर पीएचडी. नाही तर सरांची सही नाही.

मी म्हणालो, "बसू दे की कुठं बसायचं ते. तुला रे कशाला चौकशी?"

"काका, चिकटून असलेली जोडी मशीनला लगेच कळती. हे दोघं तीन बंध लांब हायत. त्यांचा एकमेकांवर असर लय बारीक, जेमतेम पाच-दहा हर्ट्झ. समोरासमोर असले तर जास्त, एका बाजूला असले तर कमी. तेवढं मोजायचंय."

"मग मशीन कशाला, मलाच ने! शेजारचं भांडण कुणालाही ऐकू येतं. मला तीन घरं पलीकडची कुजबुज ऐकू येते."

तो हसला नाही.

पहिला नंबर विद्यापीठाच्या नावावरून झालेल्या बंदमध्ये गेला. जिंतूरहून एसटीच सुटली नाही. दुसरा मिळाला तो दसरा झाल्यावरचा.

खंडेनवमीला वहिनींनी नांगर, विळा, कुऱ्हाड पूजेला मांडली. लेकाच्या पोटापाण्याचं हत्यार म्हणून त्याची भुकटीची तपकिरी बाटलीही. काचेवर हळद टिकेना. वहिनींना अर्धवट काम खपत नाही. बूच काढलं, हळदीची चिमूट आतच सोडली, बूच लावून नमस्कार केला. बन्सीनं बाटली रुमालात गुंडाळली आणि हैदराबादला जाणारी काचीगुड्याची गाडी धरली.

तिथं भुकटी विरघळवली, तर नळीत पिवळंजर्द पाणी. तरी मशीनला लावली. मशीनच्या आलेखावर बन्सीला हवी ती बारीक रेघ नेमकी हळदीच्या रेघांखाली दबली. आता पुन्हा शुद्ध करा, पुन्हा नंबर लावा. म्हणजे थेट उन्हाळा.

घरी येऊन तो ओसरीवर कपाळाला हात लावून बसला.

वहिनी म्हणाल्या, "हळदीनं कुनाचं वाईट झालंय का रं आजवर?"

मी भिंतीवरून मान काढली. "बन्सी, लग्नाआधीच हळद लागली म्हण की!"

तो गर्रकन वळला. "काका, तुमाला तीन घरं पलीकडचं ऐकू येतं ना? मग भिंतीपल्याड आई बूच काढायलती, तवा तुमचे कान कुठं गेलते?"