पेट्रोल स्वस्त झालं त्या दिवशीचं लग्न

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या स्वतःच्या लग्नाला आम्ही दोरीला बांधून नेलं. तो तयार होता, मुलगी त्याच्या पसंतीची होती, घरात कुणाचा विरोध नव्हता. कारण एवढंच, की त्या दिवशी सकाळी सहापासून पेट्रोल स्वस्त झालं होतं.

पेट्रोल स्वस्त का होतं, हे आमच्या भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारतात. मी तिथे सुपरवायझर आहे. माल उतरवून ड्रायव्हर चहाला बसले की मी त्यांना समजावतो, की कच्चं तेल जगात कुठे निघतं, ते बॅरलमध्ये का मोजतात (बॅरल मी स्वतः अजून पाहिलेलं नाही), रुपया घसरला की काय होतं आणि कर कमी झाला की काय होतं. ड्रायव्हर शांतपणे ऐकून घेतात. चहा मी पाजतो, हे त्यामागचं कारण असावं असं आमच्या बायकोचं मत आहे.

आमच्या बाबांनी तीस वर्षं नारपोलीत टेम्पो चालवला. लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि पोचवायचे. भाव उतरल्याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नाही. ते म्हणायचे, डिझेल रुपयानं उतरलं की शेठचा फोन दुपारच्या आत येतो, भाडं कमी कर म्हणून. चढलं की महिनाभर शेठ फोनच उचलत नाही. त्यामुळे ते भावाकडे बघायचेच नाहीत. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला.

भावाचं, म्हणजे नितीनचं लग्न पडघ्याच्या पुढे, मुलीच्या गावातल्या हॉलमध्ये होतं. नवरदेवाची गाडी म्हणजे माझी गाडी. ती मी वर्षापूर्वी सेकंड हँड घेतली होती आणि घरात गाडीला साजेसा मान मिळावा म्हणून वाट बघत होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, की सरकारनं कर कमी केलाय, नवा भाव सकाळी सहापासून. त्याच वेळी बाबा चप्पल घालत मला म्हणाले, की चल, तुझी गाडी भरून आणू. काटा खाली आलेला त्यांनी दुपारीच बघितला होता.

मी त्यांना बसवून समजावलं. आज रात्री भरणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा कसा आहे, हे पटवून दिलं. सकाळी सहाला जाईन, साडेसहाला भरून परत येईन, निघायचंय आठला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, त्या ड्रायव्हर लोकांसारखंच. मग एकटेच गेले आणि भांडी, सतरंज्या आणि पाहुणे न्यायला काढलेल्या आपल्या जुन्या टेम्पोची टाकी फुल्ल करून आले. मला त्यांची मनापासून कीव आली.

सकाळी सहाला मी पंपावर पोचलो तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापर्यंत आली होती. एवढी आनंदी रांग मी भिवंडीत दुसऱ्या कशासाठीही पाहिलेली नाही. बाइकवाले एकमेकांना जागा देत होते. ओळखपाळख नसलेला एक माणूस मला म्हणाला, की आता दर रविवारी बायकोला फिरायला नेणार. बचत किती होणार होती, तर त्याच्या छोट्या टाकीत एका वडापावाइतकी. पण तोंडावर समाधान असं, की गोदामवाल्यांना जमीन विकली गेली असावी. रांगेच्या बाजूला एक रिकामा टेम्पो उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता. त्यानं रात्रीच भरलं होतं. लोक त्याच्याकडे घरात मयत झाल्यासारखे बघत होते.

सव्वासात वाजता रांग हलतच नाही म्हणून मी उतरून पुढे गेलो. पंपावरचा माणूस खुर्चीत बसला होता.

"पेट्रोल नहीं है," तो म्हणाला. "टँकर आएगा तब मिलेगा."

मी त्याला विचारलं, आजच्याच दिवशी पेट्रोल कसं नाही. तेव्हा त्यानं मला शांतपणे समजावलं. कर उतरणार अशी कुणकुण दोन दिवस होती. महाग माल घेऊन स्वस्तात विकायला शेठ काय वेडा आहे का? त्यानं टँकर मागवलाच नव्हता. होतं तेवढं आधीच्या लोकांत संपलं. मला बॅरलपासून रुपयापर्यंत सगळं ठाऊक होतं. ही एवढीच बातमी मला आहे तशी पंपवाल्यालाही असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन मी कुणाला काही बोललो नाही. तोवर पुतण्यांनी गाडीला फुलं लावायला घेतली होती आणि आई धम्मविधीसाठी पांढरी साडी नेसून पुढच्या सीटवर बसायच्या तयारीत होती. काटा खाली टेकला तरी गाडी चाळीस किलोमीटर जाते, असं मी एका व्हिडिओत बघितलं होतं. शिवाय हायवेवर पंप आहेतच. फुलं लावून होईपर्यंत नऊ वाजून गेले. मग मी नितीन, आई आणि आत्याला गाडीत घातलं आणि निघालो. बाबा पाहुण्यांना घेऊन मागून टेम्पोनं येणार होते.

हायवेवरच्या पहिल्या पंपाची रांग थेट सर्व्हिस रोडवर आली होती. मी पुढच्या पंपावर थांबायचं ठरवलं. पुढच्यावर त्याहून मोठी रांग, आणि तिथे दोघांची मारामारी सोडवायला पोलीस आलेले. आई म्हणाली, गाडी कशाला हळू करतोस, चल. नितीनचा पांढरा सदरा घामानं चिकटू नये म्हणून एसी मी फुल्ल ठेवला होता. दहाच मिनिटांत गाडीनं दोन आचके दिले आणि कडेला जाऊन शांत झाली. एसीचं वारंही थांबलं. शेजारून ट्रक गेले की गाडी हलायची आणि बॉनेटवरची झेंडूची फुलं एकेक करून हायवेवर जायची.

आत्याला वाटलं, नवरदेवाला मोकळं व्हायला मी गाडी थांबवलीय. आईला लगेच कळलं. तीस वर्षं ड्रायव्हरची बायको होती ती. तिनं काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी मोबाइल काढून जवळचा पंप शोधायला लागलो. धम्मविधी साडेदहाला होता आणि विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांना दुपारी दुसऱ्या गावी दुसरं लग्न होतं. दहाला वीस मिनिटं कमी होती.

नितीननं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा," तो म्हणाला, "बाबांना फोन तू करतोस, की मी करू?"

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. फोन मीच केला.

टेम्पो आला तो मागे पातेली आणि पाहुणे घेऊन. बारा-तेरा माणसं फळीवर वाकून आमच्याकडे बघत होती. बाबा उतरले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि आता ते जे काही बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवलं. त्यांनी टेम्पोतून जाड दोर काढला, गाडीखाली वाकून हूक बघितला आणि गाठ मारली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला ग्रीस लागलं. मग ते माझ्याजवळ आले.

"इंजिन बंद आहे. ब्रेक जड लागेल, स्टिअरिंग पण. माझ्याकडे बघ फक्त. दोर सैल पडू द्यायचा नाही."

एवढंच.

पहिला किलोमीटर माझ्या पायात गोळे आले. बंद गाडीचा ब्रेक म्हणजे भिंत दाबल्यासारखा. पण हळूहळू मला दिसायला लागलं, की बाबा पुढे काय करतायत. खड्डा आला की ते आधीच उजवा हात बाहेर काढून खाली दाबायचे. स्पीडब्रेकर आला की दोनदा. ट्रक अंगावर आला की हात तसाच बाहेर ठेवायचे, जणू मला म्हणतायत, थांब, जाऊ दे त्याला. तीस वर्षं ते रोज सकाळी घरातून निघून जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मध्ये ते नेमकं काय करत होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"किती सांभाळून नेतायत," नितीन म्हणाला.

टोलनाक्यावर माणसानं विचारलं, ही एक गाडी धरायची की दोन? बाबांनी मागे न बघता सांगितलं, "दोन धर. मागची पण गाडीच आहे." ते मला धीर द्यायला म्हणाले असावेत. पण टेम्पोतले सगळे हसले.

आम्ही अकराला पोचलो. हॉलच्या दारात मुलीकडच्या बायका फुलं घेऊन उभ्या होत्या. आधी टेम्पो आला म्हणून त्यांनी फुलं टेम्पोवर टाकली. पाहुणे पातेल्यांसकट फुलांत न्हाले. नवरदेवाची गाडी दाराशी येईपर्यंत फुलांची ताटं रिकामी झाली होती. बौद्धाचार्य घड्याळ बघत होते, पण थांबले होते. बाबा ग्रीस लागलेल्या सदऱ्यानंच पुढच्या खुर्चीत बसले. वंदना झाली, नितीन आणि प्रियांकानं एकमेकांना हार घातले, आणि आईनं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. लग्न चांगलं झालं.

जेवणं उरकल्यावर प्रश्न आला तो परत जायचा. नव्या सुनेला दोरीला बांधून नेणं कुणालाच बरं वाटेना. तेव्हा प्रियांकाचे वडील आपली मोटारसायकल ढकलत माझ्या गाडीशी घेऊन आले. हातात एक प्लास्टिकची नळी होती.

बाबा लगबगीनं आडवे आले. साखरपुड्यालाच त्यांनी सांगितलं होतं, की मुलीकडून आम्हाला सुईसुद्धा नको. ती आठवण त्यांनी करून दिली.

"ह्यो काय हुंडा न्हाय," व्याही म्हणाले. "माझीच पोर त्या गाडीत बसणार हाय."

बाबा बाजूला झाले. मी अवघडून काहीतरी बोलायचं म्हणून व्याह्यांना विचारलं, की एवढ्या रांगेत तुम्हाला पेट्रोल मिळालं कसं. ते माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघत म्हणाले, "काल सांजचाच भरला. पोरीचं लगीन हाय, भाव कोन बघत बसंल?"

नळी त्यांनी मोटारसायकलच्या टाकीत सोडली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. ओढायचं तोंडानं. मी ओढलं. कच्चं तेल कुठून निघतं, हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. ते लागतं कसं, हे आता घशापर्यंत कळलं. मी खोकत असताना बाबा माझी पाठ चोळत होते आणि टेम्पोतले पाहुणे शांतपणे बघत होते.

तेवढ्या पेट्रोलवर आम्ही घरी आलो. बाबा शब्दाला जागले, मुलीकडून सुईसुद्धा घेतली नाही. आमच्या घराण्यात हुंडा घेतलेला मी एकटाच निघालो. दोन लिटर, आणि तोही जुन्या भावाचा.